घाटातले दहा महिने: जखमींची वर्गवारी करणारं ॲप वापरल्यानंतर

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाची फसगत नको. मी डॉक्टर नाही आणि कॉम्प्युटरवाला तर अजिबात नाही. खेड तालुक्यात हायवेला माझं गॅरेज आहे. एका अंगाला कशेडी, दुसऱ्या अंगाला भोस्ते घाट. गाडी कलंडली की फोन आधी क्रेनवाल्याला जातो, आणि आमचे क्रेनवाले चाचा निघताना माझ्या दारात हॉर्न मारून जातात. मार्च २०१३ मध्ये जगबुडीच्या पुलावरून खासगी बस नदीत कोसळली, ३७ माणसं गेली, तेव्हा मी या धंद्यात नवाच होतो. त्या काळात आम्हाला एकच रीत ठाऊक होती: जो जास्त ओरडेल त्याला आधी उचलायचं आणि मिळेल त्या गाडीत घालायचं. पुढे आमचं मदत पथक उभं राहिलं, प्रथमोपचाराचं शिक्षण झालं, तेव्हा कळलं की ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू तरी असतो.

गेल्या मे महिन्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी हे ॲप आमच्या पथकाला वापरायला दिलं. फुकट. काय बिघडतं ते कळवायचं, एवढीच अट. आता शिमगाही होऊन गेला. तालमी सोडल्या तर पाच वेळा ते खऱ्याखुऱ्या प्रसंगात वापरलं. इतर पथकांकडून विचारणा होते म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ज्यांना ट्रायाज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जखमी पुष्कळ आणि हात थोडे असले की कोणाला आधी हलवायचं हे ठरवणं म्हणजे ट्रायाज. आमचं ॲप स्टार्ट पद्धतीवर चालतं. ही पद्धत १९८३ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या अग्निशमन दलाने आणि होग हॉस्पिटलने बसवली. ज्याला चालता येतं त्याला हाक मारून बाजूला घ्यायचं, तो हिरवा. जो उठत नाही त्याचा श्वास बघायचा. श्वास नसेल तर मान सरळ करून वाट मोकळी करायची. आला तर लाल, म्हणजे सगळ्यात आधी हलवायचा; नाहीच आला तर काळा. श्वास मिनिटाला ३० च्या वर गेला तर लाल. नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर लाल. ‘माझा हात दाब’ म्हटलेलं कळत नसेल तरी लाल. यातलं काहीच नसेल तर पिवळा, म्हणजे लालनंतरचा. एका माणसामागे मिनिटाच्या आत उरकायचं आणि पुढे सरकायचं. हे पुढे सरकणंच सगळ्यात अवघड जातं, आणि ते कुठलंही ॲप करून देत नाही.

आता ॲपकडे येतो.

पहिल्या आवृत्तीत जखमीच्या प्रत्येक श्वासाला स्क्रीनवर बोट टेकवायचं होतं. पंधरा सेकंद टेकवा, मग ते चारने गुणून आकडा दाखवणार. कॉलेजच्या वर्गात हे झकास चालत असेल. आमच्याकडे जुलैच्या पावसात, उतारावर एक पाय दगडाला लावून, एका हाताने जखमीची मान धरलेली, टॉर्च तोंडात, आणि बोट टेकवायचं कशाने? शिवाय पाण्याचा थेंब पडला की या स्क्रीनला ते बोटच वाटतं. एका तालमीत आमचा बंड्या जखमी बनून चिखलात पडला होता. त्याची नोंद करणाऱ्याने दोन सेकंद फोन उघडा धरला आणि पागोळीने त्याला परस्पर काळा करून टाकला. बंड्याला अजून सगळे ‘मयत’ म्हणून हाक मारतात.

मुलांना हे कळवलं आणि त्यांनी जे केलं त्यासाठी त्यांना वडे-सागोती खाऊ घालायला मी एका पायावर तयार आहे. स्टार्टमधले सगळे प्रश्न ‘हो’ नाहीतर ‘नाही’ असेच आहेत ना? मग त्यांनी आवाज कमीजास्त करायची बटणं कामाला लावली. वरचं बटण म्हणजे हो, खालचं म्हणजे नाही. जाड हातमोजे घालून, फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवूनही दाबता येतात. दुसरं त्याहून भारी. मिनिटाला ३० श्वास म्हणजे दर २ सेकंदांना एक. नखाची परीक्षाही २ सेकंदांचीच. म्हणून आता फोन दर २ सेकंदांनी नुसता थरथरतो. एक हात जखमीच्या पोटावर ठेवायचा. पोट थरथरीच्या पुढे धावत असेल तर लाल. मोजणी नाही, घड्याळ नाही, अंधारात डोळे ताणणं नाही. पहिल्यांदा खऱ्या जखमीवर करून बघितलं तेव्हा फोन माझ्या छातीच्या खिशात होता. त्याचं पोट माझ्या तळव्याखाली धापा टाकत होतं आणि माझ्या छातीवर फोन सावकाश थरथरत होता. दोन्हींतला फरक कोणी समजावून सांगायची गरजच पडली नाही.

नखाची परीक्षा मात्र आम्ही बंद करून घेतली. ऑगस्टात तासभर भिजलेल्या आमच्याच चार धडधाकट पोरांची नखं दाबून बघितली तर त्यातले तिघे लाल निघाले. गार पडलेल्या हातात रक्त उशिराच परततं, आणि रात्री टॉर्चच्या उजेडात नखाचा रंग काय दिसणार? त्याऐवजी मनगटाची नाडी लागते की नाही एवढंच बघायचं. ही सुधारणा खुद्द स्टार्टमध्येही पुढे झालेली आहे, मुलांनी जुना तक्ता घेतला होता एवढंच. पंधरा दिवसांत बदलून दिलं.

गणपतीच्या दोन दिवस आधीची रात्र सांगतो, कारण ॲपचा कस तिथे लागला. चाकरमान्यांची ट्रॅव्हलर कठडा तोडून खाली झाडीत अडकली होती. एकोणीस माणसं, पिशव्या, एक हार्मोनियम, आणि मखराचा सगळा थर्माकोल उतारावर पसरलेला. टॉर्च मारली की प्रत्येक तुकडा माणसाच्या चेहऱ्यासारखा चमकायचा. आम्ही सहा जण होतो. ‘चालता येतंय त्यांनी वर रस्त्यावर या’ अशी हाक दिली. अकरा जण आले, आणि त्यातले चार लगेच आपली माणसं शोधायला पुन्हा खाली उतरले. असं होतं हे कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे प्रत्येक वेळी होतं. बायको खाली असताना ‘तुम्ही हिरवे आहात, इथे बसा’ म्हटलं तर कोण ऐकणार?

वर्गवारी पुरी व्हायला तेरा मिनिटं लागली. ॲपच्या पहिल्या पानावर चार मोठे आकडे येतात, बाकी काही नाही. मी १०८ ला फोनवर ते नुसते वाचून दाखवले: तीन लाल, पाच पिवळे, अकरा हिरवे, काळा नाही. आधी अशा वेळी आम्ही ‘लई लागलंय हो, लवकर या’ एवढंच सांगायचो. आकडे सांगितल्यावर किती गाड्या लागतील हे पलीकडच्याला लगेच कळतं. एवढ्या एका पानासाठी मी हे ॲप ठेवीन.

आता चूक सांगतो. त्या अकरा हिरव्यांत एक आजी होती. स्वतःच्या पायांनी वर आली, कठड्यावर बसली, नातवाला हाकही मारली. ॲप दर दहा मिनिटांनी ‘पुन्हा तपासा’ म्हणून आठवण करतं, आणि ती त्याने केली. पण केली कोणाला? ज्याने आजीची नोंद केली होती त्याच्या फोनला. तो पोरगा तोवर खाली दोर धरून उभा होता, खिशात फोन थरथरतोय आणि दोन्ही हात अडकलेले. वर आजीशेजारी ॲप असलेला कोणीच नव्हता. नाक्यावरच्या टपरीवाल्या काकी सगळ्यांना चहा देत फिरत होत्या, त्यांनी मला हाक मारली. “अरे, ही मगाशी बोलत होती, आता बोलत नाय.” जाऊन बघितलं तर मनगटाला नाडी लागत नव्हती. पोटात मार होता. रंग कळावा म्हणून मनगटाला रिबीन बांधतो, ती आजीची हिरव्याची लाल केली आणि पहिल्याच गाडीने पाठवली. आजी वाचल्या, पण त्याचं श्रेय काकींचं. आठवण नोंद करणाऱ्याकडे न जाता जखमीच्या जवळ जो उभा आहे त्याच्याकडे गेली पाहिजे, हे मी मुलांना तीनदा लिहिलं. ते म्हणतात, जवळ कोण आहे ते फोनला कसं कळणार? प्रश्न रास्त आहे. आमचा तोडगा असा की वर रस्त्यावर एक माणूस आणि एक फोन कायमचा बसवायचा, त्याने खाली उतरायचं नाही, आणि सगळ्या आठवणी त्याच फोनला. तसं सेटिंग अजून आलेलं नाही.

त्याच रात्री एक चार वर्षांचं पोर रडून रडून लाल ठरलं होतं. लहान मुलांचा श्वास मुळातच जलद. त्यांच्यासाठी वेगळी जम्पस्टार्ट पद्धत आहे, तिच्यात मिनिटाला १५ ते ४५ श्वास चालतात. ॲपमध्ये ती आहेही, पण तिसऱ्या पानावर. आता पहिलाच प्रश्न ‘मूल की मोठा’ असा येतो आणि मूल म्हटलं की थरथर जलद होते.

काळ्या रंगाबद्दल लिहू की नको असं झालं होतं. पागोळीच्या प्रकारानंतर मुलांनी काळ्याला दुजोरा मागायची सोय केली. ठीकच केलं. पण स्क्रीनवर अक्षरं कशी? ‘रुग्ण मृत. खात्री आहे?’ भलीमोठी, लाल चौकटीत. नोव्हेंबरात एका अपघातात मी बटण दाबत होतो आणि मागे त्या माणसाचा भाऊ उभा होता. त्याने वाचलं. मग त्याने मला जे विचारलं ते इथे लिहीत नाही. माणूस गेला हे सांगायचा अधिकार डॉक्टरचा, आमचा नव्हेच. काळा याचा आमच्यापुरता अर्थ एवढाच की आत्ता आमच्या हातून इथे काही होण्यासारखं नाही. त्याच रात्री मुलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ती अक्षरं गेली, आता नुसतं ‘का’ येतं. बाकी रंगांनाही अक्षरं मागून घेतली, कारण आमच्यातल्या एकाला लाल-हिरवा ओळखू येत नाही, हे आम्हाला तालमीतच कळलं. त्याला स्वतःला लग्नाच्या साडीखरेदीत कळलं होतं म्हणे.

काही गोष्टी पटकन. क्यूआर कोडची कार्डं निरुपयोगी आहेत. चिखल लागला की कोड वाचला जात नाही, आणि ॲम्ब्युलन्समधले डॉक्टर फोनकडे बघत नाहीत, मनगटाकडे बघतात. आम्ही नंबर छापलेल्या रंगीत रिबिनी बांधतो आणि तोच नंबर ॲपमध्ये टाकतो. बोलून नोंद करायची सोय पावसात चालत नाही. कोरड्या दिवसातही आमच्या काही पोरांचं ‘नाय’ तिला कळत नाही. नेटवर्क नसताना ॲप चालतं, फोन एकमेकांशी ब्लूटूथने बोलतात, हे उत्तम. पण नेटवर्क शोधत बॅटरी उतरते, म्हणून विमान मोड लावून ठेवतो आणि फोनाफोनीसाठी वेगळा साधा फोन. ठिकाण दाखवताना घाटात दोन वळणांचा घोळ होतो: वरचा रस्ता आणि खालचा रस्ता नकाशात एकमेकांना चिकटलेले. आम्ही किलोमीटरच्या दगडाचा आकडा सांगतो, तो कधी चुकत नाही.

एक तक्रार अशी आहे की ती ॲपची म्हणावी की आमची, कळत नाही. प्रत्येक नोंद वेळेसकट साठते. पोरांच्या मनात आलं, उद्या कोर्टात विचारलं की याला पिवळा का केलास, तर? मग जो तो एक पायरी वरचा रंग द्यायला लागला. जानेवारीच्या तालमीत बारा जखमींत नऊ लाल. सगळेच लाल तर वर्गवारी कसली? २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत कलम १३४अ आलंय, सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, हे सगळ्यांना बसवून समजावलं. पटलंय असं म्हणतात.

आणि एक रंग यात नाहीच. जागेवर पोहोचल्यावर पहिला प्रश्न असतो, गाडीत होते किती? एसटी असली तर कंडक्टरच्या तिकीट मशीनमध्ये आकडा मिळतो. खासगी गाडीत कोणाला पत्ता नसतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला, किंवा जुलै २०२१ मध्ये तळियेवर दरड आली, तिथे हिरवा-पिवळा करायला जखमी होते कुठे? होते ते बेपत्ता. कोकणातल्या पावसाळ्याचं संकट बहुतेक वेळा असंच येतं. मी मुलांना पाचवा रकाना मागितला: किती होते, किती सापडले, किती राहिले. ते म्हणाले, काका, हे ट्रायाजमध्ये बसत नाही. पुस्तकाप्रमाणे त्यांचं बरोबर आहे. तोवर मी हा आकडा तळहातावर बॉलपेनने लिहितो आणि पावसात तो पुसतो.

मे अखेरीस नवी आवृत्ती देऊ म्हणालेत. कोणाला आपल्या पथकात वापरून बघायचं असेल तर नवा फोन घेऊ नका. बटणं घट्ट आहेत असा जुना फोन शोधा, स्क्रीनला तडा असला तरी चालेल. आणि पहिली तालीम हॉलमध्ये न करता अंगणात, कोणाला तरी वरून नळीने पाणी मारायला उभं करून करा.