सुचलेले टिपायचे कशात: वही, मोबाइल, ध्वनिमुद्रण की चिठ्ठ्या?

वही घ्यावी की मोबाइलवर भागवावे, हे ठरवण्यापूर्वी आपले विस्मरण नेमके कोठे होते ते पाहावे. काहींचा विचार टिपण्याआधीच निसटतो, तर काही जण सारे टिपतात, पण महिन्याभराने ते त्यांना सापडत नाही. निसटण्याचा वेग मोठा असतो. मनातल्या मनात उजळणी करू दिली नाही, तर तीन अक्षरांचा निरर्थक गटसुद्धा १८ सेकंदांत बहुतेक वेळा विसरला जातो, असे मानसशास्त्रज्ञ लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांनी १९५९ साली दाखवले. त्यामुळे साधन किती चांगले आहे यापेक्षा ते किती लवकर हाती येते, हे आधी तपासावे.

या कसोटीवर खिशातली छोटी वही सरस ठरते, कारण ती उघडताना वाटेत दुसरे काही आडवे येत नाही. मोबाइलवर मात्र नोट्सपर्यंत पोहोचण्याआधीच एखादा संदेश दिसतो आणि सुचलेले बाजूला राहते. लॅपटॉपवर टंकण्यापेक्षा हाताने लिहिल्याने समज वाढते, असा निष्कर्ष २०१४ मध्ये म्यूलर आणि ओपेनहायमर या संशोधकांच्या अभ्यासातून निघाला होता. पण पुढे तेच प्रयोग पुन्हा केल्यावर तो फरक तितका ठळक दिसला नाही, तेव्हा केवळ त्या आधारावर वही निवडू नये. वहीची खरी उणीव शोधण्यात आहे. तारीख आणि शेवटच्या पानांवर विषयांची सूची नसेल, तर जुनी वही असून नसल्यासारखीच.

शोधण्यात मोबाइलला तोड नाही, मात्र टिपणात पुढे आठवेल असा एखादा शब्द हवा. ‘ती कल्पना’ एवढेच लिहिले तर कोणतेही यंत्र मदत करू शकत नाही. बिल भरणे, फोन करणे अशी कामे विसरणाऱ्यांसाठी तर मोबाइलच योग्य, कारण ठरल्या वेळी तो स्वतःहून आठवण करतो आणि वही ते करीत नाही. साधन नकोच असेल, तर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेली पद्धत आहे: ‘जेवण झाले की औषध घेईन’, असा प्रसंगाशी जोडलेला निश्चय करायचा. ‘आज औषध घ्यायचे आहे’ या मोघम निश्चयापेक्षा तो अधिक पाळला जातो.

चालताना किंवा हात गुंतलेले असताना ध्वनिमुद्रण सोयीचे आहे. परंतु लिहिलेले पान नजरेखालून जायला क्षण पुरतो आणि बोललेले ऐकायला बोलण्याइतकाच वेळ लागतो, म्हणून बहुतेक मुद्रणे पुन्हा ऐकलीच जात नाहीत. बोललेल्याचे अक्षरांत रूपांतर करणारी सोय फोनमध्ये असल्यास तीच वापरावी. विशेषनामे चुकतात, पण आशय टिकतो.

उरल्या चिठ्ठ्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यांनी क्रमांक घालून एकमेकींशी जोडलेल्या सुमारे ९०,००० चिठ्ठ्या आयुष्यभरात जमवल्या आणि त्यांतून लेखन केले. वर्षानुवर्षे एकाच विषयावर लिहिणाऱ्याला हा उद्योग मानवेल. इतरांचा वेळ क्रमांक घालण्यातच जाईल, असे माझे मत आहे.

एकच साधन बाळगायचे असेल, तर मोबाइल घ्यावा आणि नोट्सचे चिन्ह पहिल्याच पडद्यावर ठेवावे. दोन चालत असतील, तर विचार वहीत आणि कामे मोबाइलवर ठेवावीत. मात्र एकच गोष्ट दोन्हीकडे उतरवू नये, कारण मग ताजी नोंद कोणती हेच कळत नाही.