जूनमध्ये घेतलेला बेल्टचा रेकॉर्ड प्लेअर: नाताळच्या तोंडावर लिहिलेला अनुभव

हा अनुभव मी दिवाळीपूर्वी लिहिला असता, तर या प्लेअरला पाचपैकी साडेचार तारे दिले असते. नोव्हेंबरच्या मध्यात लिहिला असता, तर एकच दिला असता. आज, नाताळ तोंडावर आलेला असताना, मी साडेतीन देत आहे, आणि ते फक्त यंत्राला आहेत, कंपनीच्या सेवा केंद्राला नाहीत.

यंत्राची जुजबी माहिती सर्वांना आहेच, त्यामुळे ब्लूटूथ, आतला फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग), झाकण वगैरेंवर वेळ घालवत नाही. ते सारे ठीक आहे आणि साडेअकरा हजारांत त्याहून अधिक अपेक्षा मी केलीही नव्हती. मला लिहायचे आहे ते वेगाविषयी. रेकॉर्ड योग्य वेगाने फिरवणे हे रेकॉर्ड प्लेअरचे पहिले काम आहे. तेच बिघडले तर बाकीच्या सोयींना काहीही अर्थ उरत नाही.

आमच्याकडे ऐकले जाते ते मुख्यतः सोल संगीत, म्हणजे मेम्फिस आणि डेट्रॉइट या अमेरिकी शहरांतून साठ-सत्तरच्या दशकांत आलेले गाणे. ही आवड शेजारच्या काकांमुळे लागली. ते जहाजावर नोकरीला होते आणि त्या काळी बंदराबंदरांतून विकत घेतलेल्या रेकॉर्ड्स त्यांचा प्लेअर बंद पडल्यापासून ट्रंकेत पडून होत्या. त्या पुन्हा वाजाव्यात, एवढ्याच हेतूने मी हा प्लेअर घेतला. ट्रंकेत ओटिस रेडिंग यांची १९६५ची ‘ओटिस ब्लू’ होती, मार्विन गे यांची १९७१ची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ होती, अल ग्रीन होते, आणि अरीथा फ्रँकलिन यांची ‘अमेझिंग ग्रेस’ ही दोन रेकॉर्ड्सची जोडी होती, जी जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये, समोर बसलेल्या श्रोत्यांसह, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित झालेली आहे. पावसाळ्यात या सगळ्यांवरची बुरशी पुसून काढण्यात कितीतरी संध्याकाळी गेल्या, पण त्या एकेक करून वाजू लागल्यावर काका दाराशी खुर्ची टाकून बसत, आणि कुठले गाणे कुठल्या बंदरात घेतले ते सांगत.

प्लेअर घरी आल्यावर लगेच मी वेग तपासून ठेवला होता, आणि पुढच्या भांडणात तेच कामी आले. तपासण्याची रीत अशी. कागदावर छापलेली रेघांची चकती, म्हणजे स्ट्रोब, रेकॉर्डच्या जागी ठेवायची आणि ती लुकलुकणाऱ्या दिव्याखाली फिरवायची; वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी स्थिर दिसतात. आपली वीज ५० सायकलची असल्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांसाठी चकतीवर १८० रेघा असाव्या लागतात. इंटरनेटवर सहज सापडणारी २१६ रेघांची चकती अमेरिकेतल्या ६० सायकलच्या विजेसाठी असते. ती छापून घेतली तर चांगला प्लेअरही इथे वाईट ठरेल. एलईडी दिव्याखाली किंवा इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबखाली रेघा सहसा नीट उमटत नाहीत. आमच्या इमारतीच्या जिन्यात जुन्या तांब्याच्या चोकची ट्यूब अजून आहे, तिच्याखाली प्लेअर नेऊन पाहिला आणि रेघा खिळून उभ्या राहिल्या. या किमतीच्या यंत्राने इतका अचूक वेग धरावा, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

दिवाळीच्या सुमारास बेल्ट, म्हणजे मोटरची गती प्लॅटरला (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीला) देणारा पट्टा, सैल पडला. बूकर टी. जोन्स यांच्या ऑर्गनचे लांब सूर हेलकावे खाऊ लागले, तेव्हाच काय झाले असावे याचा अंदाज आला. ऑर्गन आणि पियानो हे वेगातला दोष सर्वांत आधी दाखवतात, कारण माणसाच्या आवाजातले कंपन आपण गायकी म्हणून स्वीकारतो, ऑर्गनचे स्वीकारत नाही. कंपनीची हमी वर्षभराची आहे, पण बेल्ट हा ‘झिजणारा भाग’ म्हणून हमीतून वगळलेला आहे, हे कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले असते. बेल्टवर चालणाऱ्या यंत्राच्या हमीतून बेल्टच वगळावा, हे मला पटलेले नाही आणि पटणारही नाही. तरीही मी ७५० रुपये बेल्टचे आणि ४५० रुपये घरी येण्याचे भरले. कंपनीचा माणूस आला, त्याने पाच मिनिटांत बेल्ट बदलला आणि जुना बेल्ट बरोबर नेऊ लागला. तो मी मागून ठेवून घेतला. ज्याचे पैसे भरले त्याची जुनी वस्तू मागून घ्यावी, असे माझे सर्वांनाच सांगणे आहे.

हेलकावे थांबले, पण गाणे बदलले. ते आधी लक्षात आले सासूबाईंच्या. त्या रोज सकाळी पेटी घेऊन बसतात आणि त्यांचा कान पक्का आहे. ओटिस रेडिंग यांचे ‘डॉक ऑफ द बे’ लागले असताना त्या म्हणाल्या, “अगं, हे आज चढं का लागतंय?” आम्ही पेटी काढली. फोनवर तेच गाणे पांढरी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला, बसत होते. रेकॉर्डवर ते पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध, पेटीवर जिथे पट्टीच नाही अशा जागी गेले होते. हे गाणे नोव्हेंबर-डिसेंबर १९६७ मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले, आणि १० डिसेंबर १९६७ रोजी रेडिंग यांचा विमान अपघातात वयाच्या सव्विसाव्या वर्षी मृत्यू झाला. रेकॉर्ड नंतर, १९६८ मध्ये बाजारात आली. गाण्याच्या शेवटी ते शीळ घालतात, आणि त्या शिळेत जो संथपणा आहे तो वेग जरासा वाढला तरी निघून जातो. मला सर्वांत जास्त राग आला तो या शिळेमुळे.

जिन्यातल्या ट्यूबखाली आता रेघा पुढे पळत होत्या. चकती जवळ नसेल त्यांच्यासाठी आणखी सोपी रीत आहे: प्लॅटरच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवायची आणि १०० फेऱ्या मोजायच्या. त्यांना बरोबर १८० सेकंद लागायला हवेत. आमच्याकडे १७५ लागले, म्हणजे वेग जवळजवळ तीन टक्के जास्त होता. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण स्वराच्या एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जायला सुमारे सहा टक्के लागतात, म्हणजे हा बरोबर अर्ध्या पट्टीचा फरक झाला, आणि वीस मिनिटांची बाजू अर्ध्या मिनिटाहून अधिक लवकर संपू लागली.

कारण सापडले ते जुना बेल्ट ठेवून घेतल्यामुळे. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भोसरीत एका कारखान्यात तपासणी विभागात आहेत. त्यांनी दोन्ही बेल्टची जाडी मायक्रोमीटरने मोजून दिली. जुना ०.५ मिलिमीटर, नवा ०.८. मोटरवरची पुली १० मिलिमीटर व्यासाची आहे. बेल्ट पुलीवरून जाताना पुलीचा परिणामी व्यास बेल्टच्या जाडीइतका वाढतो, म्हणजे तो आधी १०.५ होता आणि आता १०.८ झाला, आणि मोटर तितक्याच फेऱ्या घेत असूनही बेल्ट २.९ टक्के अधिक वेगाने सरकू लागला. प्लॅटरच्या बाजूलाही जाडी वाढते, पण तिथला व्यास इतका मोठा असतो की फरक नगण्य राहतो. हे गणित मी सविस्तर देत आहे, कारण सेवा केंद्राने ते अखेरपर्यंत ऐकून घेतले नाही.

त्यांची उत्तरे दर वेळी निराळी होती. आधी सांगितले की पुण्यात व्होल्टेज वरखाली होते. या यंत्राची मोटर अडॅप्टरमधून येणाऱ्या १२ व्होल्ट डीसीवर चालते आणि तिच्या आतच वेग स्थिर ठेवणारे सर्किट असते, त्यामुळे घरातल्या व्होल्टेजच्या चढउताराने असा कायमचा फरक पडणे शक्य नाही. मग सांगितले की रेकॉर्ड्स जुन्या असल्यामुळे असे वाटते. रेकॉर्ड झिजली तर खरखर वाढते, पट्टी चढत नाही. शेवटी एक माणूस घरी आला, त्याने वेग मोजणारे ॲप सुरू करून आपला फोन प्लॅटरवर ठेवला आणि आकडा मर्यादेत असल्याचे सांगितले. प्लॅटरवर एका कडेला मोबाइलचे वजन ठेवून हलक्या बेल्टच्या यंत्राचा वेग मोजणे मला मान्य नाही. मी त्याला चिठ्ठी लावून १०० फेऱ्या मोजायला सांगितल्या, तर त्याला तेवढा वेळ नव्हता. आणि या भेटीचे ४५० रुपये पुन्हा मागितले गेले, ते मी दिले नाहीत. ‘एक तारा’ असे मी मनाशी ठरवले ते त्या दिवशी.

त्यानंतर मी दोन्ही बेल्ट घेऊन बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. तिथे टेपरेकॉर्डर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांनी नवा बेल्ट बोटांत धरूनच सांगितले की हा या पुलीचा नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मार्ग दोन होते: मोटरच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकातून पेचकस घालून आतला स्क्रू फिरवायचा आणि वेग कमी करायचा, किंवा योग्य जाडीचा बेल्ट घालायचा. पहिला मार्ग फुकटचा होता आणि तोच त्यांनी करू दिला नाही. स्क्रूला हात लावला की कंपनी उरलेली हमीही नाकारणार, शिवाय पुढे योग्य बेल्ट आला की वेग तितकाच खाली येणार, आणि ३३ आणि ४५ साठी वेगवेगळे स्क्रू असल्यामुळे दोन्ही बिघडवून बसावे लागणार. त्यांनी घेराप्रमाणे जुळणारा अर्ध्या मिलिमीटरचा बेल्ट १८० रुपयांना दिला. घरी येऊन तो मीच बसवला. १०० फेऱ्या, १८० सेकंद. सासूबाईंनी पेटीवर पांढरी पाच धरली आणि ओटिस रेडिंग त्यांच्या जागी परत आले. जे काम १८० रुपयांत झाले त्यासाठी मी आधी १,२०० रुपये मोजले होते, हे मला अजून खुपते.

तारे एकावरून साडेतीनवर गेले ते यामुळे. मोटर उत्तम आहे, बेअरिंग शांत आहे, आर्मचा तोल नीट आहे. मूळ बेल्टही योग्यच होता, फक्त तो पाच महिनेसुद्धा टिकला नाही. एक तारा त्यासाठी कापला आहे, आणि उरलेला अर्धा हमीच्या बारीक अक्षरांसाठी.

डिसेंबर सुरू झाल्यापासून प्लेअर रोज संध्याकाळी लागतो. सोल ऐकणाऱ्यांसाठी हा महिना केवळ सणाचा नाही: १० तारखेला ओटिस रेडिंग, ११ तारखेला सॅम कुक, ज्यांचा १९६४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये गोळी लागून मृत्यू झाला, आणि खुद्द नाताळच्या दिवशी जेम्स ब्राउन, ज्यांचे निधन २५ डिसेंबर २००६ रोजी झाले. आम्ही त्या त्या दिवशी त्यांची एकेक बाजू लावतो. बाकी दिवस नाताळच्या रेकॉर्ड्सचे. शेजारच्या काकू नाताळच्या फराळातल्या कलकल आणि नेवऱ्यांचे पीठ आमच्या स्वयंपाकघरात मळतात, कारण आमचा ओटा मोठा आहे, आणि कंगव्यावर कलकल वळताना त्यांना ‘सोल ख्रिसमस’ लागते, दुसरे काही चालत नाही. १९६८ची ही रेकॉर्ड मी नव्या छपाईत घेतली आहे. तिच्यावर रेडिंग यांची दोन गाणी आहेत, कार्ला थॉमस आहेत, बूकर टी. यांचे ‘जिंगल बेल्स’ आहे; डॉनी हॅथवे यांचे ‘धिस ख्रिसमस’ मूळ रेकॉर्डवर नाही, कारण ते १९७० मध्ये आले, त्यामुळे ते हवे असणाऱ्यांनी खरेदीपूर्वी गाण्यांची यादी पाहावी. काकूंच्या मते नाताळ ईस्ट स्ट्रीटवरच्या केकच्या रांगांत सुरू होत नाही, रेडिंग यांनी ‘व्हाइट ख्रिसमस’ची पहिली ओळ ओढून धरली की सुरू होतो, आणि योग्य वेगात ते ऐकल्यावर मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटते. ते गाणे इतके संथ आहे की तीन टक्के वाढलेल्या वेगात त्याचा सारा भार जातो.

मधल्या काळात मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, दोन्ही बेल्टच्या जाडीचे आकडे आणि फेऱ्या मोजतानाचा व्हिडिओ जोडला. त्यानंतर कंपनीकडून फोन आला, या वेळी बोलणाऱ्या बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि चुकीचा बेल्ट बसवला गेल्याचे मान्य केले. १,२०० रुपये परत देण्याचे लेखी आश्वासन मिळाले आहे, पैसे अद्याप आलेले नाहीत. ते आले तर मी इथे तशी नोंद करीन, मात्र तारे वाढवणार नाही, कारण ते यंत्राचे आहेत.

नाताळची भेट म्हणून हा प्लेअर घेणाऱ्यांनी तो अवश्य घ्यावा, फक्त त्याच दिवशी अर्ध्या मिलिमीटरचा एक जादा बेल्ट घेऊन ठेवावा. आणि ज्यांनी दिवाळीनंतर सेवा केंद्रातून बेल्ट बदलून घेतला असेल, त्यांनी आजच चिठ्ठी चिकटवून १०० फेऱ्या मोजाव्यात. १७५ सेकंद आले तर माझा तक्रारीचा मजकूर मागावा, तो मी लगेच पाठवीन.