मुक्त सिस्टीम, पण आतल्या सेवा कोणाच्या? काही महिन्यांच्या वापरानंतर

लिनक्सच्या एखाद्या डिस्ट्रोबद्दल (लिनक्सवर बांधलेल्या तयार सिस्टीमबद्दल) लिहिलं जातं ते बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत. इन्स्टॉल किती सोपं, डेस्कटॉप दिसतो कसा, रॅम किती खातो. या गोष्टींचं कौतुक आठवड्याभरात ओसरतं. उरतं ते रोजचं: मेल, कॅलेंडर, ड्राइव्हवरच्या फायली, ब्राउझरमधला शोध. म्हणजे दिसतात सिस्टीमच्या आत, पण चालतात दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवर, अशा गोष्टी. गेले कित्येक महिने ग्नोम डेस्कटॉप (खिडक्या, मेनू, सेटिंग्ज दाखवणारा भाग) असलेली एक मुक्त, म्हणजे जिचा कोड कुणीही वापरावा-बदलावा अशी, सिस्टीम मी कामाच्या लॅपटॉपवर वापरतोय. सोबत दुसरी कुठलीही ठेवलेली नाही. तिचं नाव मुद्दाम घेत नाही. खाली लिहिलेलं ग्नोमवर चालणाऱ्या बहुतेक डिस्ट्रोंना थोड्याफार फरकाने लागू आहे, आणि नाव घेतलं की चर्चा 'माझी चांगली की तुझी' यावरच घसरते.

आधी जे आवडलं ते. सेटिंग्जमध्ये 'ऑनलाइन खाती' हे पान आहे. ग्नोममध्ये ते 2011 साली 3.2 आवृत्तीत आलं. गूगल, मायक्रोसॉफ्ट 365, नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येणारी फायली-कॅलेंडरची सेवा), साधं आयमॅप (मेल आणायची सर्वसाधारण पद्धत), यांतलं ज्याचं खातं असेल ते निवडायचं, लॉगिन करायचं आणि मेल, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट, फायली यांपैकी काय हवं त्याची बटणं चालू-बंद करायची. पूर्वी लॉगिनची छोटी खिडकी तिथल्या तिथेच उघडायची. मार्च 2024 मधल्या ग्नोम 46 पासून गूगल-मायक्रोसॉफ्टसाठी आपला नेहमीचा ब्राउझर उघडतो. फरक किरकोळ वाटेल, पण पासवर्ड मॅनेजर ब्राउझरमध्ये आधीच असतो, आणि आपण पासवर्ड नक्की कुठे टाइप करतोय ते पत्त्याच्या पट्टीत दिसतं. सिस्टीमला पासवर्ड कळतच नाही. तिच्या हाती येतं ते टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारा परवाना, आणि ते कीरिंगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या कुलूपबंद पेटीत, राहतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कॅलेंडरचा. वरच्या पट्टीतल्या घड्याळावर क्लिक केलं की आजच्या मीटिंगा तिथेच दिसतात. त्यासाठी मेलचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडं ठेवावं लागत नाही. पडद्यामागे एव्होल्यूशन डेटा सर्व्हर हा लॅपटॉपवरच चालणारा घटक काम करत असतो. एकदाच केलेल्या लॉगिनवर कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स आणि एव्होल्यूशन मेल असे तिन्ही चालतात. कुठे कुणाचा मोठा लोगो नाही, 'प्रीमियम घ्या' म्हणून मागे लागणं नाही. सेवा सिस्टीममध्ये मुरवायची तर अशी.

फायलींच्या बाबतीत मात्र अपेक्षा कमी ठेवा. खातं जोडलं की फाइल मॅनेजरच्या डाव्या बाजूला गूगल ड्राइव्ह येतो. ही सोय 2015 मधल्या ग्नोम 3.18 पासूनची. पण हे सिंक नव्हे. फाइल लॅपटॉपवर उतरत नाही, उघडली की तेवढ्यापुरती आणली जाते. नेट गेलं की कपाट रिकामं. शिवाय टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) त्याच फोल्डरात गेलात तर 'अहवाल' किंवा 'बिल' अशी नावं दिसत नाहीत, अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ दिसते. कारण ड्राइव्ह फायलींना ओळखतो आयडीने. नाव हे त्यावर लावलेलं लेबल. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली तिथे सुखाने नांदू शकतात, लिनक्सच्या फाइलसिस्टीमला ते चालत नाही. एखादा पीडीएफ बघायला ठीक, पण मोठा फोल्डर उघडला की चाक फिरत राहतं. गूगलने लिनक्ससाठी ड्राइव्हचं अधिकृत सॉफ्टवेअर कधी काढलेलंच नाही, त्यामुळे खऱ्या सिंकसाठी मी नेक्स्टक्लाउडचं स्वतंत्र क्लायंट टाकलं. ते फायली डिस्कवर ठेवतं, नेट असो-नसो. तेव्हापासून त्या डाव्या बाजूच्या ड्राइव्हकडे फारसं बघितलेलं नाही.

एक खातं मात्र जोडताच आलं नाही. ज्या संस्थेचं काम करतो तिने दिलेलं होतं. लॉगिन झालं, दुहेरी पडताळणी झाली, आणि मग पाटी आली की या ॲपला प्रशासकाची मंजुरी लागेल. आयटी विभागाला मेल टाकला. उत्तर आलं की यादीत नसलेल्या ॲपला परवानगी देत नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. ब्राउझरमधून तेच खातं मुकाट चालतं, म्हणजे माणूस तोच, लॅपटॉप तोच, फक्त दार वेगळं. डेस्कटॉपवाल्यांनी यात काही चुकवलेलं नाही, त्यांच्या हातात काही नाहीच.

आणि हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. कोणतंही सॉफ्टवेअर अशा सेवेला जोडायचं तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे त्याची नोंदणी करावी लागते, आणि त्या नोंदणीची एक चावी मिळते. परवानगीच्या पडद्यावर 'अमुक ॲपला तुमच्या खात्यात प्रवेश हवा आहे' असं जे येतं, तिथलं नाव त्या नोंदणीतून येतं. ब्रँडिंग म्हणतात त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला वॉलपेपरपेक्षा हाच वाटतो: वापरणाऱ्याने तिथे नेमकं कुणाचं नाव वाचून 'हो' म्हणायचं? आता सोर्स कोड खुला म्हटल्यावर ती चावीही खुलीच पडलेली असते. ती मंजूर ठेवायची की रद्द करायची हे कंपनी ठरवते. कोडचा परवाना कितीही उदार असो, त्याने या चावीवर हक्क मिळत नाही.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. क्रोमियम हा क्रोमचा मुक्त भाऊ. डेबियन, फेडोरा, आर्च यांसारख्या डिस्ट्रो तो वर्षानुवर्षं स्वतः बांधून देत होत्या, आणि त्यांच्या चाव्यांवर गूगलचं सिंकही चालत होतं. जानेवारी 2021 मध्ये गूगलने जाहीर केलं की ही दारं फक्त स्वतःच्या क्रोमसाठी होती. 15 मार्च 2021 पासून बाकीच्यांची बंद. कोडची एक ओळही न बदलता लोकांच्या ब्राउझरमधून बुकमार्क सिंक गेलं. त्यानंतर क्रोमियम मुक्त उरला नाही असं कुणी म्हणणार नाही. तो पूर्वीइतकाच मुक्त होता, फक्त लोक ज्यासाठी वापरत होते त्यातली एक गोष्ट गेली.

दुसरं उदाहरण रोजच्या वापरातलं. संध्याकाळ झाली की स्क्रीन पिवळसर करणारी 'नाइट लाइट' सूर्यास्ताची वेळ स्वतः काढते, टाइमझोनही आपोआप बदलतो. त्यासाठी लागणारं ठिकाण जिओक्लू नावाचा घटक आसपासच्या वायफायवरून काढायचा, आणि त्यामागे बरीच वर्षं फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाची लोकेशन सर्व्हिस होती. मोझिलाने ती 2024 मध्ये गुंडाळली. आता बीकनडीबी हा लोकांनीच उभा केलेला पर्याय आहे. मी सरळ नाइट लाइटला वेळ हाताने नेमून दिली आणि लोकेशन बंद ठेवलं. सूर्यास्त कधी होतो हे विचारायला रोज सर्व्हर गाठायचा, ही कल्पना मला तशीही गमतीची वाटते.

या वापरातून माझी फूटपट्टी ठरली. सेवा जोडायला हरकत नाही, पण ती मी जोडलेली असावी, आणि उद्या तुटली तर तेवढीच तुटावी. कॅलेंडर यात बसतं. आपल्याला न विचारता आत येणाऱ्या सेवा बसत नाहीत, आणि याचा सगळ्यात गाजलेला धडा उबुंटू या डिस्ट्रोने देऊन ठेवलाय. ऑक्टोबर 2012 च्या 12.10 आवृत्तीत डॅशमध्ये, म्हणजे आपल्याच संगणकावरची फाइल किंवा ॲप शोधायच्या चौकटीत, ॲमेझॉनवरच्या वस्तू येऊ लागल्या. टाइप केलेले शब्द उबुंटू बनवणाऱ्या कॅनोनिकल कंपनीच्या सर्व्हरकडे जायचे, आणि हे मुळातच चालू असायचं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला थेट स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर, म्हटलं. ते मुळात बंद व्हायला 2016 मधली 16.04 उजाडावी लागली. कंपनीने पैसे मिळवू नयेत असं माझं म्हणणं नाही. पण घरातली फाइल शोधणं आणि दुकानात वस्तू शोधणं या दोन इच्छा एकाच चौकटीत कोंबल्या की माणसाचा त्या चौकटीवरचाच विश्वास उडतो.

त्याच कंपनीची उबुंटू वन ही फायली साठवायची सेवा मला उलट प्रामाणिक वाटते. सिस्टीमच्या नावाचीच सेवा, 5 जीबी फुकट, हवी तर घ्या. 2009 साली सुरू झाली, 1 जून 2014 ला बंद पडली, फायली उतरवून घ्यायला जुलैअखेरपर्यंत मुदत दिली, आणि 2015 मध्ये सर्व्हरचा कोडही खुला केला. बंद पडणाऱ्या सेवेकडून याहून जास्त काय मागायचं? (ॲमेझॉनच्या पैशांवरून त्याआधी 2011 मध्येही वाद झाला होता. बॅन्शी या म्युझिक प्लेअरमधल्या ॲमेझॉन स्टोअरचं कमिशन ग्नोम फाउंडेशनला जायचं, ते उबुंटूने 11.04 साठी 75 टक्के स्वतःकडे आणि 25 टक्के ग्नोमकडे असं वळवलं. रक्कम किती होती यापेक्षा, आधी विचारून बॅन्शीच्या लोकांनी दुसरा पर्याय निवडल्यावरही वळवणं लोकांना जास्त झोंबलं.)

ब्राउझर हा सेवा आणि ब्रँड यांच्या सांध्यावरचा प्राणी. उबुंटूच्या फायरफॉक्समधून गूगलवर काही शोधा आणि मग पत्त्याची पट्टी नीट वाचा: शोधलेल्या शब्दाजवळच 'क्लायंट' म्हणून उबुंटूचं नाव असलेला तुकडा सापडेल. हा शोध कुणाकडून आला याची ती खूण. अनेक मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांची चूल अशा शोधांवर पेटते, त्यामुळे मला ती खटकत नाही; पट्टीत उघड दिसते आणि एका क्लिकवर शोधयंत्र बदलता येतं. लिनक्स मिंटने तर बरीच वर्षं स्वतःच्या भागीदारीतली शोधयंत्रं फायरफॉक्समध्ये घालून दिली होती. जानेवारी 2022 मध्ये मोझिलाशी करार झाल्यावर ती काढून मोझिलाच्याच मूळ सेटिंग्ज ठेवल्या, स्टार्ट पेजसुद्धा.

डेबियनची गोष्ट याच्या उलट्या बाजूची. फायरफॉक्सचा कोड मुक्त, पण लोगो मुक्त परवान्यात बसत नव्हता, आणि फायरफॉक्स हे नाव लावायचं तर बदलांना मोझिलाची संमती हवी होती. डेबियनने 2006 मध्ये नावच बदललं, आइसवीझल केलं, आणि 2016 पर्यंत तसंच चालवलं. तेव्हा हे हट्टीपणाचं वाटलं असेल. पण ट्रेडमार्कवाल्यांना नावं ठेवण्याआधी हेही बघा की खुद्द डेबियनचे दोन लोगो आहेत: भोवरा कुणीही वापरावा असा, आणि बाटलीवाला मात्र अधिकृत वापरापुरता राखून ठेवलेला. नाव सांभाळल्याशिवाय मुक्त प्रकल्पालाही भागत नाही. कोड घ्या, नाव-लोगो काढा, मग वाटा, या नियमावर तर रेड हॅट कंपनीच्या लिनक्सचा कोड घेऊन सेंटओएस ही डिस्ट्रो इतकी वर्षं उभी राहिली.

कमी बोलल्या जाणाऱ्या एका सेवेवर मात्र नजर टाका. लॅपटॉप नेटला जोडलाय की हॉटेलसारख्या लॉगिनच्या पानावर अडकलाय, हे कळण्यासाठी सिस्टीम अधूनमधून ती बनवणाऱ्यांच्या सर्व्हरवरची एक चिमुकली फाइल मागते. फेडोरात तिचं नाव हॉटस्पॉट असं आहे आणि आत फक्त 'ओके' एवढंच लिहिलेलं असतं. उपयोग खरा आहे, पण तुमचा आयपी पत्ता दिवसभर एका ब्रँडच्या सर्व्हरला दिसत राहतो हेही खरं. सेटिंग्जच्या प्रायव्हसी भागात बऱ्याच ठिकाणी त्याचं बटण मिळतं. मी ते चालू ठेवलंय, कारण प्रवासात लॉगिनचं पान आपोआप उघडणं फार सोयीचं पडतं. टर्मिनलमध्ये अपडेट करताना येणाऱ्या जाहिरातवजा ओळींना मात्र माझ्याकडे माफी नाही. 2022 मध्ये उबुंटू प्रो या कॅनोनिकलच्या सदस्यत्वाच्या ओळींवरून गदारोळ झाला होता. प्रो वैयक्तिक वापरासाठी 5 मशीनपर्यंत फुकट आहे आणि ओळी एका सेटिंगने बंद होतात, तरी पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर टाकायचं-अपडेट करायचं साधन) ही फलक लावायची जागा नव्हे.

माझी आजची मांडणी अशी: ऑनलाइन खात्यांत एक गूगलचं, त्यात फक्त कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट चालू. मेल थंडरबर्डमध्ये वेगळा. फायली नेक्स्टक्लाउडच्या क्लायंटवर. संस्थेचं खातं ब्राउझरच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये. ज्यांचं सगळं काम गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या फायलींवर चालतं त्यांनी फाइल मॅनेजरवर विसंबून इकडे येऊ नये, वैतागतील. मेल-कॅलेंडरवाल्यांनी बिनधास्त यावं. आणि ग्नोमवाल्यांकडे एकच मागणं आहे: खात्याच्या पानावर शेवटचं सिंक कधी झालं त्याची वेळ लिहा. आत्ता टोकन मेलं तरी कॅलेंडर जुन्याच मीटिंगा हसतमुखाने दाखवत राहतं, आणि नवी मीटिंग चुकल्यावरच कळतं की पुन्हा लॉगिन करायचं राहिलंय.