नागपूरच्या धरमपेठेतलं प्रायव्हेट थिएटर, 'द ग्रेट एस्केप' बघायला एकदम बरोबर जागा

वेस्ट हायकोर्ट रोडच्या आतल्या गल्लीतलं हे छोटं थिएटर लोक जास्त करून बर्थडेला बुक करतात, आम्ही बाबांसाठी केलं. बाबा वायुसेना नगरातून रिटायर झालेत, सोबत त्यांचे जुने मित्र, आणि सिनेमा 1963 चा 'द ग्रेट एस्केप', दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून भुयार खणून पळालेल्या वैमानिकांच्या खऱ्या घटनेवरचा. फुगे, केक काही नको, फक्त पडदा आणि साउंड पाहिजे असं फोनवर सांगितलं तर तिथल्या पोट्ट्याने डेकोरेशनचे पैसे स्वतःहून कमी केले. डिस्क आमचीच होती, प्लेअर त्यांच्याकडे आहे पण जायच्या आधी विचारून घ्या.

सुरुवातीला चित्र ताणून पूर्ण पडदाभर लावलं होतं, सगळे लंबूटांग दिसत होते. सांगितल्यावर लगेच नीट केलं. वर-खाली काळ्या पट्ट्या येतात त्या राहू द्या, सिनेमा तसाच रुंद शूट केलेला आहे.

या सिनेमाचं नाव काढलं की सगळ्यांना नट स्टीव्ह मॅक्वीनची मोटरसायकलच आठवते, आणि ती तर खऱ्या घटनेत नव्हतीच. खरा जीव आहे त्याआधीच्या कामात आणि ते काम टीव्हीवर नीट दिसतच नाही हो. भुयारातली माती लपवायची कशी, कारण खालची रेती फिकट आणि वरची जमीन काळपट, पहारेकऱ्याला लगेच समजणार. मग पँटच्या आत लांब पिशव्या, खालच्या तोंडाला पिन, खिशातली दोरी ओढली की पिन निघते, रेती पायापाशी सांडते आणि माणूस चालता चालता बुटाने ती बागेच्या मातीत मिसळून टाकतो. मोठ्या पडद्यावर तो बूट आणि ती रेती स्पष्ट दिसते, आमच्या रांगेत कोणी पॉपकॉर्नला हात लावत नव्हतं. साउंडही चांगला आहे, भुयारातलं खरवडणं अगदी कानाजवळ वाटतं.

आणि हे मनाने रचलेलं नाही. सागानच्या श्टालाग लुफ्ट 3 या जर्मनांच्या कैदी कॅम्पमध्ये पोरांनी पलंगाच्या फळ्या काढून भुयाराला टेकू दिले, दूध पावडरचे रिकामे डबे एकाला एक जोडून हवेचा पाइप केला, किटबॅगचा भाता करून हवा आत ढकलली. भुयारांचं काम बघणारा वॉली फ्लडी खाणीत काम केलेला कॅनेडियन, तोच पुढे सिनेमाचा सल्लागार होता. खोटी कागदपत्रं बनवणाऱ्याचा रोल करणारा डोनाल्ड प्लेझन्स स्वतः जर्मन कैदेत राहून आलेला, त्याचे हात बघा त्या सीनमध्ये. 24 मार्च 1944 च्या रात्री 76 जण बाहेर पडले, तिघेच शेवटपर्यंत सुटले, पकडलेल्यांपैकी 50 जणांना गोळ्या घातल्या. शेवटी सगळे गप्प झाले होते.

मध्ये पॉज करून चहा मागवला तेव्हा पारुळकरांचं नाव निघालंच. 1971 च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर पाकिस्तानात पकडले गेले, आणि ऑगस्ट 1972 मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासोबत रावळपिंडीच्या कॅम्पमधून भिंतीला भोक पाडून निघाले, पेशावरमार्गे अफगाण सीमेच्या अगदी जवळ पोचले. तिथे लंडी खाना स्टेशनची चौकशी केली, जे 1932 लाच बंद झालेलं, आणि त्यावरूनच लोकांना संशय आला. त्यांच्यावर 2019 मध्ये हिंदी सिनेमा आलाय, पण ही गोष्ट आपल्या शाळांमध्ये का सांगत नाहीत मला खरंच कळत नाही, एवढी हिंमत आणि एवढं डोकं लावलेलं पोरांना माहीत व्हायलाच पाहिजे ना भाऊ.

बाकी थिएटरचं म्हणाल तर खुर्च्या छान आहेत, म्हाताऱ्या माणसांना पाय लांब करता येतात. एसी फार थंड ठेवतात, शाल न्या. बाहेरचं खायला आणू देत नाहीत आणि त्यांचं सँडविच कोरडं होतं, चहा बरा. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही, गुडघ्याचा त्रास असेल तर विचार करून जा. पार्किंग संध्याकाळी मिळतच नाही, ऑटोने जा. सिनेमा 172 मिनिटांचा आहे म्हणजे तीन तासांचा स्लॉट पुरत नाही, आम्हाला त्यांनी थोडं थांबू दिलं पण बाहेर पुढची पार्टी केक घेऊन उभी होती, तेव्हा सरळ चार तासांचाच घ्या आणि दुपारचा घ्या, रेटही कमी असतो.