जाम झालेला बोल्ट, ४,३६७ डॉलर आणि माझ्या गाडीत नसलेली साखळी

लिहायला लाज वाटतेय, तरी लिहितो. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात जुन्या गाड्यांचा नाद असलेले आपले बरेच लोक आहेत आणि मला फसवणारा मेकॅनिक अजून गॅरेज चालवतोय.

माझी गाडी १९८६ची पोर्शे ९४४. इंजिनच्या पुढच्या बाजूने ऑईल गळायला लागलं. एवढ्या जुन्या गाडीत ऑईल अडवणारं रबरी सील कडक होणारच. क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) सील, कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) सील, दोन्ही बॅलन्स शाफ्टची (थरथर कमी करणाऱ्या दांड्यांची) सीलं, ऑईल पंपाची ओ-रिंग (गोल रबरी कडं), सगळं एकदमच बदलून घ्यायचं, कारण तिथवर पोचायला इंजिनचे रबरी पट्टे काढावेच लागतात. नव्या पट्ट्यांसकट त्याने १,९४० डॉलर सांगितले. वाजवी वाटले.

चौथ्या दिवशी फोन आला. क्रँकचा बोल्ट जाम आहे, मागचे गिअर गंजून चिकटलेत, बॅलन्स शाफ्टच्या स्लीव्ह (वरच्या नळ्या) निघत नाहीत, तापवून कापावं लागेल, नुसता जोर लावला तर क्रँकच जाईल. अकरा तास जादा, तासाला १६५ प्रमाणे १,८१५. नवे गिअर आणि स्लीव्ह ६१२. मी हो म्हणालो. कोणीही म्हणाला असता! या गाडीत हे भाग खरंच अडकतात. तो बोल्ट २१० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो आणि स्लीव्हखालची ओ-रिंग वर्षानुवर्षं भाजून डिंकासारखी चिकटते. मला हे माहीत होतं, आणि नेमकं तेच त्याने वापरलं.

पुरावा म्हणून त्याने पाठवलेला फोटो अजून माझ्याकडे आहे. काळं पडलेलं क्रँकचं टोक, गंजलेला गिअर, आणि गिअरवरून खाली लोंबणारी साखळी. साखळी! ९४४च्या क्रँकवर साखळी नसतेच. दाते असलेले रबरी पट्टे असतात, एक कॅमचा आणि एक बॅलन्स शाफ्टचा. सहा वर्षं गाडी माझ्याकडे आहे, ते पट्टे मी स्वतः पाहिलेत. फोटो आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. मोबाईल टेबलाखाली धरला, गंज दिसला, पोटात गोळा आला आणि ‘ओके’ पाठवून दिलं. दोन बोटांनी फोटो मोठा करून बघितला असता तर २,४२७ डॉलर तिथेच वाचले असते. रात्री झोपताना अजून ती साखळी डोळ्यांसमोर येते.

बायको म्हणाली होती, “जुने पार्ट मागून घे रे.” माझे बाबा कोल्हापुरात उद्यमनगरातून स्कूटरचं काम करून आले की जुनी बेअरिंगं फडक्यात बांधून घरी आणायचे. मी मागितले ते गाडी ताब्यात घेताना. “भंगारात गेले,” म्हणाला. कॅलिफोर्नियात कायद्याने जुने भाग परत मिळतात, पण काम देतानाच मागावे लागतात. तेव्हाच मागा, आणि कागदावर लिहून घ्या.

तीन आठवड्यांत गळती पुन्हा सुरू. दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिककडे नेली. त्याने कव्हर काढलं आणि माझ्या हातात टॉर्च दिला. बोल्टच्या डोक्यावर सगळीकडे एकसारखा गंज. पाना लागला असता तर कोपरे चकाकले असते. पट्टेही जुनेच, कडांना धागे सुटलेले. या इंजिनात पट्टा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, सगळं इंजिन जातं. मुलीला शेजारी बसवून मी ती गाडी हायवे १०१वरून नेली होती.

इंजिन फिरू नये म्हणून त्याने फ्लायव्हीलचे (इंजिनमागच्या जड चाकाचे) दाते लॉक केले, लांब दांड्याला पाइप लावला. एकदा कडाक्कन आवाज झाला आणि बोल्ट सुटला. गिअर हातानेच निघाले. एक स्लीव्ह तेवढी अडली, ती जरा तापवून पिळत पिळत पाच मिनिटांत बाहेर. कापाकापी काही नाही. सगळं नीट करायचे त्याने १,७२० घेतले.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी वाद आहे, संमती तुम्हीच दिलीत. अहो, संमती खोट्या फोटोवर घेतली ना! कार्ड कंपनी म्हणाली, बिलावर तुमची सही आहे. तक्रारी घेणाऱ्या सरकारी खात्याचा नऊ आठवड्यांनी एक परिच्छेद आला: गॅरेजने कागदपत्रं दिली आहेत, पैसे परत करायला लावणं आमच्या अधिकारात नाही. फोन केला तर बाई म्हणाल्या, गाडी मध्ये दुसऱ्याने उघडली, म्हणजे आधी काय होतं कसं ठरवणार? म्हणजे गळकी गाडी तशीच ठेवून मी नऊ आठवडे बसायचं होतं? फोटोतल्या साखळीबद्दल तीन वेळा लिहिलं. त्यावर एका शब्दाचं उत्तर नाही.

‘जाम झालंय’ असं कोणी म्हणालं की काम थांबवायला सांगा आणि स्वतः जाऊन बघा. जाता येत नसेल तर नंबर प्लेटपासून इंजिनपर्यंत न तोडता घेतलेला व्हिडिओ मागा. दुसऱ्याकडे गाडी उघडताना पहिला पाना लागायच्या आधी फोटो काढा. मी टॉर्चच्या उजेडात काढले होते, आज तेवढाच आधार आहे.

स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) ५० डॉलर भरून दावा लावलाय. तिथे वकील उभा करता येत नाही, त्यामुळे तो आणि मी समोरासमोर. जुने पट्टे आणि कडक झालेली सीलं पिशवीत भरून ठेवलीत. त्याचा फोटो मोठ्या कागदावर छापून घेतलाय, साखळीभोवती लाल पेनाने गोल केलाय.