पुतळ्यांची माळ: आमच्या घरचा अनुभव, तुम्ही सावध राहा

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं. 1948 साली निजामाच्या रझाकारांच्या भीतीने इकडची माणसं डागदागिने जमिनीत पुरून बार्शी-सोलापूरकडे गेली होती. आजीने चुलीशेजारी पुरलेल्या पाटल्या पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय सैन्याने निजामाचं राज्य घेतल्यावर, परत येऊन उकरून काढल्या. म्हणून ‘खोदताना सोनं सापडलं’ हे आमच्या घरात कुणाला खोटं वाटलं नाही.

दिवाळीनंतर, सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आले होते, तेव्हा भावाच्या किराणा दुकानात एक मजूर बाई आणि तिचा दीर येऊ लागले. पंधरा दिवस रोख पैसे देऊन पीठ-तेल नेलं. मग एका दुपारी दुकानात कुणी नाही बघून बाईने पदराची गाठ सोडली. आत मातीने माखलेली पुतळ्यांची, म्हणजे नाण्यांसारख्या सोन्याच्या चकत्यांची, माळ.

“वाड्याचा पाया खांदताना हंडा लागला, दादा. कुणाला कळलं तर सगळं सरकारजमा हुईल.”

तिने दाताने दोरा तोडला, एक पुतळी भावाच्या तळहातावर ठेवली आणि सोनाराला दाखवा म्हणाली. सोनाराने कसोटीवर घासून तेजाब लावलं. अस्सल सोनं निघालं. चौथ्या दिवशी सोयाबीनचे पैसे आणि वहिनीचे दागिने गहाण टाकून आणलेले, असे चार लाख देऊन भावाने अख्खी माळ घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच सोनाराने तेजाबाचा थेंब टाकला, तर हिरवा फेस आला. पितळ!

खरी पुतळी तिच्या चिमटीत आधीपासूनच होती. दोरा तोडणं हा नुसता देखावा. तपासायची पुतळी कधीही समोरच्याला निवडू देऊ नका, माळेतली तुम्ही बोट ठेवाल तीच सोनाराकडे न्या. तेवढ्याच आकाराचं सोनं पितळेच्या दुपटीहून जड भरतं, नुसत्या तराजूवरही हे कळलं असतं.

आणि ते ‘सरकारजमा’. 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, हे खरं. पण कुणी मालक ठरला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन-चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि उरलेला जमीनमालकाचा. म्हणजे खरोखर हंडा सापडलेल्या मजुराला तो चोरून विकायची गरजच नाही. हे आम्हाला नंतर वकिलाने सांगितलं.

भाऊ मात्र आपणच गुन्हेगार ठरू या भीतीने कुणाशी बोलला नाही. जेवायचा नाही, दुकान उघडायचा नाही. नवव्या दिवशी मी त्याला हाताला धरून पोलीस ठाण्यात नेलं. हवालदाराने आदल्याच दिवशीची एक तक्रार दाखवली. शेजारच्या तालुक्यातला म्हातारा शेतकरी, तीच बाई, तोच वाडा, तोच हंडा. त्याचे पैसे गेले तो दिवस आम्ही मोजला. आमच्यानंतरचा सहावा.