कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह गेला का: क्लॅम्प मीटर की पंप-डाउन?

वरुडजवळच्या दूध केंद्रावरून पोराचा फोन: "भाऊ, कूलर चालू आहे, पण दूध ४ अंशांवर येतच नाही. काय लावू?"

क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर: दोन मिनिटांचं काम. पण अँपिअर कमी दिसले तर व्हॉल्व्हच गेला असं नाही, गॅसही कमी असू शकतो, आणि आपल्याकडं व्होल्टेज पडलं की आकडा फसवतो.

पंप-डाउनला, म्हणजे कॉम्प्रेसर किती ओढतो ते बघायला, दाबाचं गेज आणि वेळ लागतो. सक्शन (गॅस आत ओढायची बाजू) बंद करून कॉम्प्रेसर चालव. काटा शून्याखाली जातच नसेल, तर सक्शन रीडवर, म्हणजे आत घ्यायच्या व्हॉल्व्हच्या पातळ पट्टीवर, संशय. गेला, पण मशीन थांबवताच भराभर चढला, तर डिस्चार्ज (बाहेर सोडायचा) रीड गळतोय. तेलातला गॅसही काटा थोडा चढवतो, म्हणून दोन-तीनदा कर. स्क्रोल कॉम्प्रेसरवर (पिस्टनऐवजी वेटोळी असतात तो) मात्र नको, खराब होईल.

घरच्या सीलबंद फ्रिजला आधी क्लॅम्प. पिस्टन कॉम्प्रेसरच्या कूलरचं हेड (वरचं झाकण) खोलण्याआधी पंप-डाउनच, बाबा.